पाटीवरची अक्षरं

लोहाऱ्याच्या लक्ष्मम्मांच्या कडक भाकरीची वेबसाइट त्यांच्या भाच्यानं, श्रीशैलनं केली. त्यानं मोबाइल पुढं धरला. वर केसासारख्या बारीक, नागमोडी अक्षरांत लक्ष्मम्मांचं नाव होतं. त्यांनी मोबाइल जवळ धरला, लांब धरला, पण त्यांना स्वतःचंच नाव वाचता येईना. “शहरात असलाच फॉन्ट चालतो, मावशी,” श्रीशैल म्हणाला. लक्ष्मम्मांनी पिठाचे हात पदराला पुसले आणि त्याला थेट बसस्टँडवर नेलं. तुळजापूरच्या एसटीच्या पाटीवर ठसठशीत काळी अक्षरं होती. “इथं भाकरी विकता विकता ह्या पाट्यांवरनंच म्या वाचाय शिकले. असली अक्षरं टाक.” “लई गावठी दिसंल, मावशी!” “मग आपली भाकरी काय विलायतेची हाय व्हय?” श्रीशैलनं तिथंच उभ्याउभ्या फॉन्ट बदलला. लक्ष्मम्मांनी अक्षराअक्षराखाली बोट ठेवलं आणि कंडक्टर गावं पुकारतो तसं खणखणीत आवाजात आपलं नाव पुकारलं.