डब्यावरचं नाव

वादळात पडलेली घरं बांधायले आमच्या सोनाळ्याची सुवर्णा एका संस्थेसोबत कोकणात गेली. तिच्या हाती मीही डबाभर कुरडया धाडल्या. बजावलं, "डब्यावर माहं नाव कोरलं हाय. परत आण."

दोन महिन्यांनी डबा परत आला तो सुक्या बोंबलांनी भरून. आमचं घर माळकरी. सून नाक दाबून म्हणे, "आत्याबाई, फेकू का?"

"नाक सोड आधी," म्हटलं, आणि सुवर्णाले विचारलं, "ज्या बाईले डबा देल्ला, तिचं घर झालं का वं?"

"भिंती झाल्या आजी, छप्पर बाकी हाय. पण म्हणे, कोणाचा डबा रिकामा कसा धाडू? निवडून निवडून अख्खे बोंबील भरले तिनं."

मी धाडला होता तो गेल्या सालच्या कुरडयांचा चुरा होता.