पाच बाटल्या

"संध्याकाळच्या एस.टी.नं बाटल्या नगरला पोचल्या पाहिजेत," डॉ. एलिझाबेथ उजागरे म्हणाल्या. "स्वयंपाकघरातल्या पाची जणींच्या शौचाचे नमुने. प्रत्येक बाटलीवर नाव हवं."

तिसगावजवळच्या त्या वसतिगृहातली नऊ मुलं विषमज्वरानं अंथरुणाला खिळली होती. एक दगावलं होतं.

"एवढा खटाटोप कशाला?" गृहपती आप्पासाहेब हसले. "छबूबाईला आजच काढतो. दुधात पाणी घालते ती. तिच्यावर नजर ठेवून डोळे शिणले माझे."

नजर खरोखरच कडक होती. रोज सकाळी ते चुलीपाशी येत, तापवून निवलेल्या दुधाच्या पातेल्यात बोट बुडवत आणि नखावरून थेंब कसा ओघळतो ते पाहत. छबूबाई खाली मान घालून उभी राहायची. दुष्काळाचं साल, घरात दोन लेकरं. ही भाकरी गेली तर खडी फोडण्यावाचून गती नव्हती.

"नुसत्या संशयावर कुणाला काढू नका," डॉक्टर म्हणाल्या. "काही माणसं स्वतः धडधाकट असतात, पण पोटात जंतू बाळगतात आणि दुसऱ्यांच्या अन्नात सोडतात. ते माणूस कोण, ते कळू द्या."

शोधायचं साधन त्यांनी आधीच तयार ठेवलं होतं. वसतिगृहाच्या मोरीचं पाणी गाळून त्यातून जंतू खाणारा एक विषाणू त्यांनी वेगळा काढला होता. जिल्ह्यातल्या इतर वीस रोग्यांच्या जंतूंना तो शिवलाही नाही. या मुलांच्या जंतूंवर मात्र त्याचा थेंब टाकला, की काचेच्या थाळीत वाढवलेल्या जंतूंच्या दुधट सायीवर, जंतू मरून, स्वच्छ गोल ठिपका पडायचा.

छबूबाईच्या बाटलीतल्या जंतूंवर ठिपका पडला. डॉक्टरांना वाईट वाटलं. मग मुक्ताबाईच्या पडला. मग उरलेल्या तिघींच्याही. त्यांना आधी स्वतःच्याच हाताचा संशय आला. सगळी भांडी उकळून त्यांनी पुन्हा तपासलं. पुन्हा पाच ठिपके.

त्या तडक तिसगावला आल्या आणि पाची जणींना गृहपतींच्या खोलीत बोलावलं.

"पाची बाटल्यांत तोच जंतू आहे."

आप्पासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मग पाचींनाही आत्ताच्या आत्ता हाकलतो. चला, उठा गं!"

"थांबा. एका चुलीवरच्या पाचही जणी जंतू बाळगणाऱ्या निघणं शक्य नाही. कुणीतरी एकट्यानंच सगळ्या बाटल्या भरल्यात."

बायकांनी तोंडाला पदर लावले. सगळ्यांची नजर छबूबाईकडे वळली. डॉक्टरांनाही तिचाच संशय आला आणि त्या संशयाची लाजही वाटली.

"छबूबाई, खरं सांगा. ज्यानं भरल्या त्याच्याच पोटात हा जंतू आहे. पोरं मरतायत."

छबूबाईनं मान वर केली.

"आमाला लाज वाटली, बाई. आमी बाटल्या तशाच परत दिल्या. गाडीची येळ झालती, म्हनून आप्पासायबांनी पाची सोताच भरल्या."