बॉयलरचं धुराडं

अर्धी मोळी पोटात गेली तरी बॉयलर काही तापेना, आणि मधलं घर मात्र धुरानं गच्च भरलं. उज्ज्वला पदर नाकाला लावून बाहेर आली, डोळे पुसले, पुन्हा आत गेली. दोन म्हशींचं दूध कढईत तसंच पडून होतं. ऊन ओट्यावर आलं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर दूध नासलं असतं, आणि सिरसाळ्याच्या हलवायाला खवा आजच हवा होता.

तिचा नवरा बंकट ओणवा होऊन फुंकर घालत होता. कुठलीशी डेअरी बंद पडली, तिथला हा बॉयलर स्वस्तात मिळतोय म्हणून त्यानं उचलला. वाफेवर खवा होतो म्हणे, कढईपाशी जाळ नाही की धूर नाही. स्वस्त होता हे खरं, पण हत्तीएवढा होता. दारातून जाईना तेव्हा बहाद्दरानं भिंत पाडली, धूड आत लोटलं आणि भिंत पुन्हा लिंपून घेतली. बाहेर ठेवला तर पितळी तोट्या चोरीला जातील एवढी अक्कल होती, धूर कुठून जाईल ही नव्हती. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

धुराडं होतं, नाही असं नाही. दारामागं आडवं पडलं होतं. ते वर काढायचं तर माळवदाला भोक पाडावं लागणार, आणि सासूबाई, कडूबाई, ते पाडू देत नव्हत्या. मातीच्या छताला एकदा भोक पडलं की ते जन्मभर गळतं, असं त्यांचं म्हणणं. दरसाल मृगाच्या आधी त्या स्वतः वर चढून पांढरी माती पसरत. तिथं कुणाचं काही चालायचं नाही.

उज्ज्वला खोकून खोकून वैतागली.

"इकून टाका हे धूड. न्हाईतर मी आपली चुलीवर आटविते दूध."

"चुलीवर न्हाई," बंकट मान वर न करता म्हणाला. "अंबाजोगाईचा डॉक्टर काय म्हणला? धुरापशी बसलीस तर हाय ती नजरबी जाईल. मंग कावून आणलाय मी ह्यो?"

उज्ज्वलानं कपाळाला हात लावला. डॉक्टरचं घरात बोलायचं नाही, असं तिनं त्याला बजावलं होतं. म्हातारीला फक्त चष्मा लागला एवढंच सांगितलं होतं. आणि म्हातारी तर उंबऱ्यातच बसलेली.

कडूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, कोपऱ्यातली पहार घेतली आणि शिडी चढून गेल्या. थोड्या वेळानं डोक्यावर धपधप सुरू झालं. माती भसाभस बॉयलरवर पडू लागली तशी उज्ज्वलानं लगबगीनं दुधावर परात झाकली.

"आये, गळंल की पावसाळ्यात!" बंकट खालून ओरडला.

धपधप थांबली. भोकातून उन्हाची तिरीप आत आली, आणि मागोमाग कडूबाईंचा आवाज.

"गळू दे. गळत्या छताखाली भांडं ठिवता येतं. पोरीच्या डोळ्याखाली काय ठिवू?"