कानामागची तीट

डॉक्टर तांबोळीबाईंनी काजळाची एवढीशी डबी उघडली. "पणजोबांच्या रेडिओत एकेक ट्रान्झिस्टर वाटाण्याएवढा असायचा. आता तो एका अणूएवढा झालाय! या काजळात असे अब्जावधी आहेत. तेच उजेड टिपून मेंदूला कळवतील. डोस मात्र एकच आहे हं."

तापात डोळे गेलेली रेणू श्वास रोखून बसली. आईने तिच्या डोळ्यांत काजळ घातलं आणि बोटाला उरलेलं सवयीने तिच्या कानामागे टेकवलं.

"अहो, हे काय केलंत?" बाई ओरडल्याच.

"तीट लावली. दृष्ट नको लागायला."

"ताई, तीट कसली, अर्धा कॉम्प्युटर पुसलात तुम्ही कानामागे! आता डोळ्यांना पुरेल की नाही, देव जाणे."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. मग रेणूच्या पापण्या थरथरल्या.

"आई, किती घाबरलीयेस गं तू!"

आई हसत, रडत तिला जवळ घेणार, एवढ्यात रेणूने विचारलं, "पण बाबा का रडतायत?"

दोघींनी चमकून वर पाहिलं. बाबा तिच्या मागे, पार दाराशी, रुमाल तोंडाला लावून उभे होते. आणि रेणूने मान वळवलीच नव्हती.