चेंडू वर, नजर खाली

वर.

चेंडू उडाला, एवढं बायकोला लोकांच्या आवाजावरून कळलं. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. काळा चष्मा, आणि उन्हात वर बघायचं नाही अशी डॉक्टरांची तंबी.

"अहो, कुठाय चेंडू?"

खाली.

तिचा नवरा, निवृत्त रेफरी, खेळाडूंच्या पायांकडे बघत होता. "मला काय माहीत? एक उडाला. दुसरा... तोही उडाला. ठीक."

मैदानात शिट्टी त्यांच्या धाकटीच्या तोंडात होती. रग्बीतला तिचा पहिला मोठा सामना. एक निर्णय चुकला की पुन्हा कोणी बोलावणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

शिकवण बापाचीच. चेंडू कुठं पळून जात नाही, खाली येतोच. हवेतला माणूस कसा खाली येईल ते मात्र खालच्याच्या पायांवर. तोही चेंडूसाठी उडाला, तर झुंज. नुसताच खाली घुसला, तर गुन्हा.

म्हणून इतक्या वर्षांत त्यानं एकही चेंडू वर गेलेला पाहिला नव्हता. चेंडू किती उंच गेला ते संध्याकाळी स्वयंपाकघरात बायको दाखवायची, ओला हात उंच करून. तो पाय सांगायचा. दोघांचं मिळून एक अख्खा सामना व्हायचा, तोवर चहा निवलेला.

"जन्मभर डोळ्यांत तेल घालून पायच बघितलेत," ती म्हणाली. "आता माझ्या डोळ्यांत थेंब आहेत. आज चेंडू तुमच्याकडे."

"आणि धाकटी चुकली तर?"

"तर काय, इथून शिट्टी वाजवणार?"

सामना संपत आलेला. चेंडूला उंच लाथ. दोन खेळाडू त्याच्यामागे धावत सुटले.

वर.

त्यानं मान वर केली. मान कुरकुरली.

"फिरतोय गं. हळूहळू. आणि टोकाला जाऊन... थांबल्यासारखा होतो की!"

"मग! मी काय थापा मारत होते?"

खाली.

धप्प. शिट्टी. निम्मे लोक शिव्या देत उठले, निम्मे टाळ्या वाजवत. धाकटीच्या हातात लाल कार्ड. पडलेला उठून बसला. ज्याला कार्ड दाखवलं तो सरळ बाहेर चालू लागला.

"अहो, बरोबर होतं ना?"

"ते तिनं बघितलं. मी वर होतो."

"बरं, किती वर गेला होता?"

त्यानं हात उंच केला. तिला वर बघायची बंदी. तिनं पायरीवर पडलेली त्या हाताची सावली बघितली.

"हं," ती म्हणाली. "एवढाच जायचा."