शनिवारचा उपास

माधवराव गेल्यापासून सरोजवहिनींनी अन्नाला हात लावला नव्हता. त्यात पंजाब पेटलेला. दहा मिनिटं भेटायला आलेली मंडळी चंदीगडात कर्फ्यू लागताच त्यांच्याच घरात अडकली. मेलेल्या माणसाचे गोडवे गाऊन किती गाणार? अंधार पडायच्या आत संपले! दुसऱ्या दिवशी खऱ्या आठवणी निघाल्या.

"माधव खाण्यात अस्सल दर्दी हो!" ऑफिसातले देवधर उसासले. "दर शनिवारी सेक्टर सतराच्या बाजारात एकटा चार भटुरे हाणायचा."

वहिनींनी झटकन वर पाहिलं. नवऱ्याच्या शनिवारच्या उपासाला साथ म्हणून ही बाई अकरा वर्षं दर शनिवारी निव्वळ पाण्यावर राहिली होती.



त्यांनी डोळे पुसले. "देवधर भावजी, कर्फ्यू उठला की आधी चार भटुरे आणा. त्यांच्या पिंडाला नाही, मला!"