दादाची साक्ष

या, असे जवळ सरका. एका बहिणीची गोष्ट सांगतो. छोटीच आहे, पण मन लावून ऐका.

"गोल आहेत, सुबक आहेत. पण खऱ्यासारखी आहेत का?" प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी पडद्यावरची नजर न हटवता विचारलं.

पडद्यावर विषाणूची कवचं दिसत होती. डास चावतो, ताप येतो, तो मेंदूत शिरतो. त्या तापाचा हा विषाणू. पण ही नुसती कवचं. बाहेरून हुबेहूब, आतून पोकळ. यांची लस टोचली की शरीर शत्रूचा चेहरा शिकून ठेवतं आणि आजार मात्र होत नाही. चेहरा हुबेहूब उतरला तरच हं! आजवर बहिणीने घडवलेली कवचं दर वेळी चेपली होती. सोबत काम करणारा लंबू चिडवायचा, "ताई, तुझे फुगे पुन्हा फुस्स!" ती हसायची आणि बाह्या सरसावून पुन्हा कामाला लागायची.

"या वेळीही चुकलं तर हे काम मला थांबवावं लागेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "ज्याने खरा ताप सोसलाय, त्याचंच रक्त खरं-खोटं सांगेल."

"असा एकजण माझ्या घरी आहे," बहीण म्हणाली.

घरी दादा खिडकीशी बसला होता. लहानपणी हिला खांद्यावर घेऊन गल्लीभर हुंदडणारा हाच दादा. त्या तापातून तो वाचला, पण तापाने त्याची आठवण धुऊन नेली. रोज त्याचा तोच प्रश्न, "तुम्ही कोण, बाई?" आणि रोज तिचं तेच उत्तर, "तुझी धाकटी."

रक्ताचं ऐकताच आई उखडली. "सख्ख्या बहिणीचा चेहरा ओळखत नाही गं तो! त्याच्या रक्ताला काय आठवणार? पुरे झालं त्याला टोचणं."

"आई, दुसऱ्या कुणाच्या पोराला तरी त्याची बहीण ओळखू येऊ दे."

दादाने आपणहून बाही वर केली.

"सुई मोठी आहे का?"

"मुंगीएवढी."

"मग चावू दे."

दुसऱ्या दिवशी तबकडीच्या खळग्यात कवचं, आणि त्यांवर दादाच्या रक्तातला निवळ थेंब. ओळख पटली तर रंग येणार होता. आज लंबूही चिडवत नव्हता. सगळे वाकून बघत राहिले. बराच वेळ काहीच नाही. मग कडेने पिवळी झाक आली, आणि बघता बघता अख्खा खळगा पिवळाजर्द झाला. शेजारच्या खळग्यात जुनी, चेपलेली कवचं होती. तो खळगा पाण्यासारखा कोरा.

ती धावतच घरी आली. "आई, दादाने ओळखलं!"

आई ओल्या हातांनी बाहेर आली. "कुणाला? तुला?"

"मला नाही गं. त्या वैऱ्याला."

आई जागीच थबकली. मग तिने ते ओले हात दादाच्या केसांतून फिरवले. दादा बहिणीकडे बघून हसला.

"तुम्ही कोण, बाई?"

"तुझी धाकटी," ती म्हणाली, आणि पुन्हा कामावर निघाली.

लसीची वाट अजून लांब आहे आणि ती बहीण चालतेच आहे. एक दिवस ती लस तुमच्या लेकराच्या दंडात उतरेल. त्या दिवशी देवाचं नाव घ्याल, तेव्हा खिडकीशी बसलेल्या त्या दादाचीही आठवण काढा. तो तुम्हाला ओळखणार नाही. तुम्ही त्याला विसरू नका.